सरकणाऱ्या रेघा

मास्तरांनी माउसवर हात ठेवला आणि डॉक्टरीणबाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली.

मास्तर शाळेतले नव्हेत. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सर्किट बोर्डांवरच्या, वीज वाहून नेणाऱ्या रेघांचे आराखडे काढले, तेही दिव्याच्या टेबलावर वाकून, काळ्या चिकटपट्ट्या कापून कापून. शिकवलं कुणालाच नाही. चुका मात्र सगळ्यांच्या काढल्या. ‘मास्तर’ ही पदवी त्यातूनच मिळाली. डॉक्टरीणबाई दातांच्या. दिवसा त्या लोकांचे दात सरळ करत, आणि उरलेल्या वेळात जगभरच्या अनोळखी मंडळींबरोबर असे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर लिहीत. कुणीही फुकट वापरावं, कुणीही उघडून बघावं, कुणीही सुधारावं, असा तो प्रकार. कुणीही नावं ठेवावीत हे त्यात आलंच, आणि ते खातं मास्तर सांभाळत.

या मंडळींची एक रीत होती. तक्रार ज्याने केली, ती मिटली असं त्यानेच म्हणायचं. मास्तरांची तक्रार सगळ्यांत जुनी होती. ‘तुमच्या रेघा बसमधल्या माणसांसारख्या आहेत,’ असं त्यांनी लिहिलं होतं. ‘जागा मिळाली की हलत नाहीत. मधून एक नवी न्यायची तर आधीच्या दहा उचकटाव्या लागतात.’ ती मिटवण्यात बाईंचे कित्येक रविवार गेले होते. नवी आवृत्ती आज बाहेर पडायची होती. मास्तर नाही म्हणाले तर बाईंचा भाग वगळायचं ठरलं होतं, आणि त्याला पुन्हा हात घालण्याइतकी उमेद बाईंच्यात उरली नव्हती. म्हणून त्या लॅपटॉप घेऊन स्वतःच मास्तरांच्या घरी येऊन बसल्या होत्या.

“कोणता बोर्ड उघडायचा?” बाईंनी विचारलं.

“श्रवणयंत्राचा.”

बाईंचा चेहरा उतरला. बोर्ड नखाएवढा. पडदाभर मोठा केला तरी दोन रेघांमध्ये तिसरीला शिरायला जागा दिसेना.

“मास्तर, पहिल्यांदा निदान जरा सोपा...”

“तुमच्याकडे लोक सोपे दात घेऊन येतात का?”

“अहो, तिला पाणी तरी पिऊ द्या,” आतून मास्तरांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला. “मग रडवा.”

मास्तरांनी एका टोकाला टिचकी मारली आणि रेघ ओढायला सुरुवात केली. ती पहिल्या शेजारणीजवळ पोचली. शेजारीण सरकली. तिला जागा हवी म्हणून तिच्या पलीकडची सरकली, मग तिच्या पलीकडची. एखाद्या सभेत उशिरा आलेल्या माणसासाठी अख्खी रांग गुडघे आखडून घेते, तशी ती सबंध गर्दी बाजूला झाली. कुणी कुणाला चिकटलं नाही, कुणाचा जोड तुटला नाही. नवी रेघ मधून निघून गेली.

मास्तरांनी एकही चूक काढली नाही. हे इतकं नवीन होतं की काकू हात पुसत बाहेर आल्या.

मास्तरांनी मग रेघ मुद्दाम कोपऱ्यात घुसवली. इथे ती थांबली. त्यांनी ढकलली, ती हलेना.

“पलीकडे स्क्रूचं भोक आहे,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “आणखी सरकली असती तर...”

“ते दिसतंय मला. थांबायलाच हवं होतं तिथे. मीसुद्धा थांबलो असतो.”

त्यांनी रेघ मागे घेतली आणि माउस तसाच धरून राहिले. कारण सरकलेल्या रेघा एकेक करून आपापल्या जागी परत येत होत्या.

“या परत का आल्या?”

“तुमचं काम झालं म्हणून.”

“हे तुम्ही लिहिलंत?”

“नाही हो. माझ्या नुसत्याच सरकायच्या. दातवाली ना मी. एकदा सरकवलेलं परत आलं की माझी सगळी मेहनत वाया. हे एकाने पाठवलं. नावाच्या जागी मुंगीचं चित्र, म्हणून आम्ही त्याला मुंगी म्हणतो. पुरुष की बाई, कुठे राहतो, काही माहीत नाही. एकदाच आला, एवढं देऊन गेला.”

“काही म्हणाला?”

“म्हणाला, त्या म्हाताऱ्याची तक्रार वाचली आणि झोप लागेना.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसायचं संपलं तरी पुसत राहिले.

काकू पडद्याजवळ वाकल्या. “यांना सरका म्हणून सांगतं कोण?”

“कुणीच नाही, काकू. धक्का लागायच्या आत त्याच सरकतात.”

“आणि भांडण?”

“नाही.”

“मला आपल्या जिन्यातसुद्धा कुणी इतकी वाट दिली नाही,” काकू म्हणाल्या आणि तिथेच स्टुलावर बसल्या. आत काहीतरी उतू जात असल्याचा वास येत होता. कुणी उठलं नाही.

“मिटली,” मास्तर एकदम म्हणाले.

“काय?”

“तक्रार. मिटली म्हणून कळवा त्यांना.”

बाईंनी फोन उचलला. त्यांनी मंडळींना तो एकच शब्द कळवला. मग उत्तरांचा असा पाऊस पडला की काही वेळ त्यांना मान वर करता येईना. केली तेव्हा पडद्यावर एक नवी रेघ निघालेली होती. बोर्डाच्या एका कडेपासून सुरू होऊन ती सावकाश, वळणं घेत, ऐन गर्दीतून चालली होती. पुढच्या रेघा बाजूला होत होत्या. ती वळली की मागच्या पुन्हा जागच्या जागी.

“मास्तर,” बाईंनी विचारलं, “ही कुठे जोडायची आहे?”

“कुठेच नाही,” पडद्यावरची नजर न काढता मास्तर म्हणाले. “जरा फिरून येतोय.”