मशीन फुटली तो रविवार

लोखंडी सब्बल दुसऱ्यांदा खाली आली तेव्हा मशीनचं झाकण चेपून आत गेलं आणि आतली सर्किटची हिरवी पट्टी मधोमध तुटली. करणने लाथेने डबा उलटा केला. स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेले.

"कोन हाय वं हा सुधाकरराव?" तो ओरडला. "काऊन पार्सल धाडते तुले पुन्याहून?"

प्रणिता भिंतीला टेकून उभी होती. सब्बल उचलण्याआधी नवऱ्याने तिच्या थोबाडीत मारली होती. खालचा ओठ फुटला होता. हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला होता.

"सत्तर वर्षांचे हायत ते," ती म्हणाली. "त्याइच्याकडंबी अशाच मशिनी हायत. ह्या मशीनच्या चिपमंदली बॅटरी मेली होती, म्हनून नवी चिप धाडली त्याइनं."

"चिप धाडली म्हने!" त्याने दुसऱ्या मशीनवर सब्बल घातली.

पॉलिटेक्निकने जुनी वर्कस्टेशनं, म्हणजे नकाशे काढायचे मोठे कॉम्प्युटर, भंगारात काढली, तेव्हा प्रणिताने ती गाडीवरून उतरवून घरी आणली होती. एकेकाळी इंजिनिअर लोक त्यांवर पूल आखायचे. आता ती कुणालाच नको होती. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी, भाकरी, सासूच्या गोळ्या, एवढं आटोपलं की ती मावला गावातल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत बसायची. धूळ झटकायची, फुगलेले कपॅसिटर काढून नवे लावायची, सुटलेले टाके पुन्हा जोडायची. गेली तीन वर्षं एकही मशीन सुरू झाली नव्हती. आज दुपारी पहिली झाली. मोठ्या पडद्यावर काळ्या अक्षरांची एक ओळ उमटली. प्रणिता एकटीच मोठ्याने हसली. ते हसू ऐकून करण आत आला होता. टेबलावर पार्सलचा पुठ्ठा पडला होता. त्यावरचं नाव त्याने वाचलं.

सासू, सोजरबाई, दारात उभी होती. "तू काईच बोलू नको वं," ती हळूच म्हणाली. "फोडू दे त्याले. मंग शांत होते तो."

दुसरी मशीनही फुटली. तिसरी फुटली. राहिला तो पडदा. भला थोरला, जुन्या टीव्हीसारखा, दोघांनी मिळून उचलावा लागणारा. करण त्याच्याकडे वळला तशी प्रणिता पुढे धावली.

"अवो, त्याले मारू नका! आतमंदी हवा नसते त्याच्या, काच अंगावर येते!"

"लय जीव हाय ना तुहा त्याच्यात?" त्याने तिला कोपराने मागे ढकललं, पुढे झुकून सब्बल दोन्ही हातांनी उचलली आणि जीव खाऊन हाणली.

टायर फुटावा तसा आवाज झाला. खोलीभर काच उडाली. सब्बल फरशीवर आदळली.

करण आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. कोपराच्या खाली आतल्या बाजूने मांस उघडं पडलं होतं आणि रक्त धक्क्याधक्क्याने बाहेर येत होतं. भिंतीवर, पुठ्ठ्यावर, त्याच्या स्वतःच्या तोंडावर. तो खाली बसला. सोजरबाई किंचाळत दारातून आत धावली आणि छाती बडवू लागली.

दार उघडं होतं. पहिल्यांदाच प्रणिताच्या आणि दाराच्या मध्ये तो उभा नव्हता.

"प्रणिता," त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी मरून राह्यलो वं."

ती दाराकडे बघत राहिली. दोन श्वास. मग तिने ओढणी काढली, काचांवर गुडघे टेकले आणि त्याच्या दंडाला घट्ट गाठ मारली. गाठीत स्क्रू ड्रायव्हर अडकवून पिळला. तो गुरासारखा ओरडला. तिने आणखी एक पीळ दिला. रक्त थांबलं.

शेजारचे लक्ष्मणराव ऑटो घेऊन आले. दवाखान्यापर्यंत तिने तो पीळ दोन्ही मुठींत धरून ठेवला. मूठ सुटली असती तर गाठ सैल झाली असती, आणि हे करणला कळत होतं. सगळ्या वाटेत त्याने एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तो फक्त तिच्या बोटांकडे बघत होता.

शीर शिवायला दोन तास लागले. "हात वाचला," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "बांधायला उशीर झाला असता तर माणूसही वाचला नसता. कोणी बांधलं?"

"सुनेनं माह्या!" सोजरबाईने प्रणिताचं डोकं आपल्या छातीशी ओढलं. "संसार वाचोला वं माय तू. नवरा-बायकोत होतेच असं. संपलं आता."

वॉर्डात आणल्यावर करण खाटेवरून डावा हात पुढे करून म्हणाला, "नवा कॉम्प्युटर घेऊन देतो तुले. कोराकरकरीत." प्रणिता खाटेशी गेली. त्याची चादर नीट केली.

तेवढ्यात दवाखान्यातल्या पोलीस चौकीचा हवालदार जाडजूड रजिस्टर घेऊन आला. बोथकडचा होता, तेलुगूत लिहायचा पण मराठी समजायचा. "मराठीत सांगा, चालते," तो म्हणाला. "कसं लागलं?"

"पाय घसरला, साहेब," सोजरबाई चटकन बोलली. "काचेवर पडला."

करणने मान डोलावली. हवालदाराने पेन उघडलं, तारीख घातली, करणचं नाव घातलं.

"थांबा, साहेब," प्रणिता म्हणाली. फुटलेल्या ओठामुळे शब्द जड येत होते, पण आवाज स्वच्छ होता. "हे मंग लिवा. पयले पानं मांगं पलटवा अन् मी इथं आली होती तवाच्या माह्या दोन नोंदी दुरुस्त करा. मीबी दोन्ही बारी पडली नव्हती."