स्वतंत्र खातं

गोधड्यांचे ऑनलाइन पैसे घ्यायला शेवंताला स्वतःच्या नावाचं खातं हवं होतं. सगळ्या दुकानदारांच्या सामायिक खात्यात तिला शिरायचं नव्हतं. खाती उघडणाऱ्या केंद्रातल्या मशीनने तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि उरलेलं आयुष्य मोजलं. स्वतंत्र खात्याला माणूस निदान सहा महिने जगणारा लागे. नाहीतर परत आलेल्या मालाचे पैसे कोण देणार?

“तुम्हाला सामायिकच मिळेल, मावशी,” कारकून खाली बघत म्हणाला.

शेवंताने सोबत आलेल्या लेकीचा हात पुढे केला. “हिच्या नावावर करा. हिला आत्ताच विसावं लागलंय.”

मशीनने तेच उत्तर दिलं.

“मशीन बिघडलंय तुमचं,” शेवंता म्हणाली.

“दोनदा बदललं. महिना झाला, गावात कुणालाच स्वतंत्र खातं मिळालेलं नाही,” तो म्हणाला. “मलाही नाही.”