लाल टेप

चीनमधल्या छांगशा शहरात फंग मिस्त्रींच्या दुरुस्तीच्या टपरीवर जेवणाचे डबे पोचवणारा एक तरुण इलेक्ट्रिक बाईक ढकलत आला. चढावर जास्त भार आला की बॅटरी आपोआप बंद पडायची, डबे उशिरा पोचायचे आणि गिऱ्हाइकं शिव्या घालायची. मिस्त्रींनी आतलं संरक्षक सर्किटच काढलं, तारा थेट जोडल्या आणि वरून लाल टेप गुंडाळली.

"आता बंद नाही पडायची. पण घरात चार्ज करू नकोस. तापली तर थांबवणारं आत काही उरलं नाही."

"खाली जागाच नसते, काका. लिफ्टमध्ये बॅटरी न्यायला मनाई, नेली की भोंगा वाजतो, म्हणून जिन्याने वर नेतो. आजच नवी खोली मिळालीय. मालकीणबाई भोळी आहे, काही म्हणायची नाही."

"अशा भोळ्या बायका तुम्हाला बऱ्या सापडतात," मिस्त्री हसले. घर काही आपलं नाही, म्हणून त्यांनी विषय सोडला.

संध्याकाळी मिस्त्री घरी पोचले तेव्हा बायकोने दार उघडलं. "हळू बोला, नात झोपलीय. आणि ती रिकामी खोली दिली बरं का भाड्याने. पोरगा गुणी आहे हो, जिन्याने धापा टाकत आला बिचारा. त्याच्या खोलीतला प्लग चालेना, म्हणून त्याचं काहीतरी नातीच्या खोलीत चार्जिंगला लावू दिलं मी."



नातीच्या पलंगाशेजारी चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवरची लाल टेप कडेने वितळू लागली होती.