कोरं पोस्टकार्ड

दोन वर्षांपूर्वी बेटम्याजवळच्या माळावर दुर्मिळ खरमोर पक्षी दिसल्याचं पोस्टकार्ड मुकुंदरावांनीच मोठ्या हौसेनं वनखात्याला धाडलं होतं. मग इंदूरची मिल बंद पडली, आणि त्याच माळावर मुकुंदरावांसह सगळ्या कामगारांना प्लॉट मिळायचं ठरलं. आज वनखात्याच्या मॅडम तेच कार्ड घेऊन माळावर आल्या. पक्षी असेल तर कॉलनी होणार नव्हती. “नक्की कुठे दिसला होता?” “टिटवी असणार, मॅडम. माझीच नजर चुकली.” तेवढ्यात मॅडमच्या पाठीमागे गवतातून खरमोर टर्र करत उसळला आणि दिसेनासा झाला. सोबत उभ्या कामगारांनीही पाहिला. मॅडम वळल्या. “कसला आवाज?” “बेडूक,” एक कामगार म्हणाला. मॅडमनी कागदावर ‘आढळला नाही’ लिहिलं. मुकुंदरावांचा उतरलेला चेहरा पाहून, वनखात्याचा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड त्यांच्या हातात ठेवत त्या म्हणाल्या, “दिल छोटं नका करू, मुकुंदजी. पुन्हा दिसला तर असंच कळवा.”