दामल्यांची माशी

दामले सर फाटक उघडून थेट घरामागच्या मातीच्या उताराकडे निघाले. हातात जाळी, गळ्यात कॅमेरा. कांताबाई ओव्हाळ वाटेतच खुर्ची टाकून बसलेल्या.

"अहो सर, घराला दार आहे. माणसं तिथून येतात."

"मावशी, नर माश्या आता थोडेच दिवस बाहेर दिसतील. मग वर्षभर नाही."

"मावशी कुणाची? कांताबाई म्हणा. आणि बसा, चहा टाकलाय. माश्या पळत नाहीत तुम्हाला बघून. त्यांना कुठे तुमची ओळख आहे?"

वारज्याच्या टेकडीला लागून असलेल्या त्या उतारावर बारीक बारीक भोकं होती. एका भोकात एकच मधमाशी. पोळं नाही, राणी नाही. आपली आपण माती उकरायची आणि लेकरांसाठी घर करायचं. कांताबाईंची सून आम्रपाली हिने ती हेरली. हिवाळाभर मातीत पोटावर पडून तिने एकेक माशी पाहिली, चित्रं काढली, जुन्या सगळ्या वर्णनांशी ताडून बघितली. ही कुणी नोंदवलेलीच नाही, असं म्हणत हरखून ती शिकत होती त्या संशोधन संस्थेत सरांकडे घेऊन गेली. याच सरांनी तिला पहिल्या दिवशी आडनाव विचारलं होतं, आणि ऐकून नुसतंच "अच्छा, अच्छा" म्हणाले होते.

सरांनी माश्यांची डबी ठेवून घेतली. मग भर बैठकीत म्हणाले, माती उकरायला डोकं लागत नाही, लेख मी लिहीन. त्या दिवशी आम्रपाली घरी येऊन जेवली नाही. कांताबाई पोटभर जेवल्या. त्यांना ताकद लागणार होती.

सरांनी चहाचा कप घेतला आणि तसाच बाजूला ठेवला. आम्रपाली दारात उभी होती, तिच्याकडे न बघता म्हणाले, "हिचा उल्लेख करणार आहोत आम्ही. शेवटी, आभारात."

"किती मोठं मन," कांताबाई म्हणाल्या. "आणि माशीचं नाव काय ठेवताय?"

"आमच्या संचालकांच्या नावावरून. त्यांना सांगूनही टाकलंय. शनिवारी कार्यक्रम ठेवलाय. नराचं वर्णन तेवढं राहिलंय, ते झालं की लेख छापायला जाईल."

"म्हणजे अजून छापलेला नाही."

"नाही, पण..."

"तेवढंच विचारायचं होतं. आम्रपाली, दाखव सरांना."

आम्रपालीने फोन पुढे केला. तिचा लेख सकाळीच प्रसिद्ध झाला होता. नर, मादी, पंखांच्या शिरा, पायांवरचे केस, सगळं होतं त्यात. नमुने संग्रहालयात जमा होते. डबी नेली म्हणजे माशी नेली, असं सरांना वाटलं होतं. माश्या तर दारातच होत्या. आधी छापलेलं नाव कायम, मागून येणारं बाद. हा नियम तिला सरांनीच शिकवला होता.

सरांचं बोट पडद्यावर थांबलं. "दामलेई? माझं नाव दिलंय?"

"मग! गुरू आहात," कांताबाई म्हणाल्या. "ही म्हणत होती टेकडीचं देऊ. मी म्हटलं, छे! सरांचंच."

क्षणभर सरांचा चेहरा खुलला. त्यांना ते आवरलंच नाही. मग एकदम उतरला.

"पण संचालक काय म्हणतील..."

"म्हणतील, आम्हाला सांगितलं एक आणि स्वतःचंच नाव लावून घेतलं. तुमचीच विद्यार्थिनी ना ही? मी सांगितलं असतं त्यांना समजावून, पण चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतंय?"

"आम्रपाली, संपादकांना लिही. बदलून टाक."

"नाही बदलता येत, सर. आता मलासुद्धा नाही."

"अहो, पण पूर्ण वाचा की नाव," कांताबाई म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा."

सर वाचेनात. कांताबाईंनी ते आदल्या रात्रीच पाठ करून ठेवलं होतं. एकेक शब्द वाढल्यासारखा त्यांनी समोर ठेवला.

"अँड्रीना, हे माशीचं घराणं. दामलेई. ओव्हाळ. जिने पहिल्यांदा वर्णन केलं तिचं आडनाव माशीच्या नावामागं लावायचं, अशी रीत आहे म्हणे तुमच्यात. मला फार आवडली. ही लग्न होऊन आली तेव्हा हिच्या नावामागं आमचं आडनाव लागलं. आता तुमच्या लागलं. कुठल्याही देशात कुणी तुमची माशी लिहिली, की मागं ओव्हाळ. तुम्ही गेल्यावरसुद्धा."

सर उठले. जाळी उचलून चालू लागले. फाटकाशी पोचेपर्यंत त्यांचा फोन वाजला. "हो हो, आत्ताच कळलं," ते म्हणाले. "धन्यवाद. धन्यवाद."

कांताबाई तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहिल्या. मग आत आल्या. आम्रपाली टेबलाशी बसून बोटाच्या पेराएवढ्या चिठ्ठ्या लिहीत होती. टाचणीवर वर माशी, खाली तिच्या नावाची चिठ्ठी.

"झालं ना समाधान?" कांताबाईंनी विचारलं.

"तुमचं झालं ना, आई?" आम्रपालीने मान वर केली नाही. "टेकडीचं नाव बरं होतं. आता जन्मभर मलाच लिहायचंय हे."

कांताबाईंनी तिच्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली. टाचणी उचलली आणि नेम धरून दामल्यांवर टोचली. चिठ्ठी फार लहान होती. टाचणी दोन्ही नावांतून आरपार गेली.