वाकड्या पान्याची ड्यूटी

खंडेनवमीला बाबा पाटावर हत्यारं मांडत होते आणि मी चार महिन्यांपासूनच्या त्याच पेचात होतो. सुटे भाग आणून जोडत असलेल्या नव्या सायकलीला बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांच्या मधोमध फिरणारा भाग, आट्यांचा लावावा की ठोकून बसवायचा लावावा? एवढ्या काळात मित्राचं लग्न ठरून झालंसुद्धा.

बाबांचं सायकलचं दुकान बंद झाल्यापासून त्यांचा वाकडा पाना दरवर्षी नुसतं हळदकुंकू खातोय.

"आट्यांच्याला हाच लागतो," बाबा त्याला फूल वाहत म्हणाले. "तू घे हवा तो. माझं काही नाही."

त्यांनी पान्याला दुसरं फूल वाहिलं. मग तिसरं. बाकीची हत्यारं बघत राहिली.

मी आट्यांचा मागवला. तो आला तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पाना रुमालात गुंडाळून माझ्या दारात उभे.

"आलो ड्यूटीवर," म्हणाले. "दोघंही."