छकुलीची शिकवणी

आठ महिन्यांच्या मुलीला पोहता येत नसतं आणि शिकवूनही येत नाही, हे महामाया मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. शेगावबाहेरच्या नव्या जलतरण तलावावर त्या शिकवत. बाळांचा वर्ग हा आईबापांच्या हौसेचा मामला आहे, असं त्यांचं मत होतं.

"पाण्यात बाळाला मजा वाटते, एवढंच. चार वर्षांची होऊ द्या, मग आणा."

"तवरोक तळं थांबन का?" पुष्पाबाई म्हणाल्या.

मॅडमनी छकुलीचं नाव लिहून घेतलं.

वरवट बकालला पुष्पाबाईंच्या घरामागेच शेततळं होतं. तिकडे जमिनीतलं पाणी खारं, म्हणून प्लास्टिकची काळी पन्नी अंथरून गोडं पाणी साठवलेलं. तीन वर्षांपूर्वी त्यात त्यांची पहिली सून सुचिता गेली. मोटरचा पाइप धरायला नवऱ्यासोबत गेली होती, पाय घसरला. नवरा गोकुळ नदीच्या डोहात पोहून वाढलेला. पण त्या दिवशी त्याला काही सुचलंच नाही म्हणे. पुष्पाबाई तेव्हा मागच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी पोलिसांना मोतीबिंदूचा डोळा दाखवला. आपल्याला काही दिसलं नाही म्हणाल्या.

सुचिताला मूलबाळ नव्हतं. वर्षाच्या आत काजल सून म्हणून आली. तिला छकुली झाली, पण बाळंतपणात डॉक्टरांना पिशवी काढावी लागली. तेव्हापासून गोकुळ घरात कामापुरतंच बोलायचा.

आता छकुली रांगायला लागली होती. रांगत रांगत तळ्यात गेली तर? पुष्पाबाईंनी तोच धोशा लावला. त्यांनी मोबाइलवर परदेशातली बाळं बेडकांसारखी पोहताना पाहिली होती. त्यानंतर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ उरला नव्हता.

वर्गाचा नियम असा, की आईने बाळाला घेऊन पाण्यात उतरायचं. काजल गुडघाभर पाण्यालाही भ्यायची.

"आई, मले नाही जमणार. भेव लागते."

"मंग पोट्टी कोण धरन? मी?"

काजल उतरली. दुसऱ्याच दिवशी छकुली शिंकली. पुष्पाबाईंनी तिला उचलून पदरात गुंडाळलं.

"पोट्टीले सर्दी झाली. पण फी तं भरली नं, बाई? वाया काऊन जाऊ देता? हिलेच शिकवा."

मॅडमना हसू आवरेना. इतकी काटकसर त्यांनी पाहिली नव्हती. मग छकुली दर खेपेला शिंकू लागली. नाही शिंकली तरी पुष्पाबाईंना ऐकू यायचं. काजल आधी कठड्याला धरून पाय मारायला शिकली, मग तिनं कठडा सोडला. एकदा ती पार पलीकडच्या टोकाला पाठीवर तरंगत होती.

"तुया कानातला डूल सुटला वो!" पुष्पाबाई या काठावरून ओरडल्या.

खरंच सुटला होता.

घरी मात्र यातलं काही सांगायचं नव्हतं. "बाई पोट्टीले घेते अन् तू बाकड्यावर बसते, असं सांग. तू पाण्यात उतरते हे त्याले समजलं तं घर डोक्यावर घेईन."

ते बरोबरच होतं. सुनेनं अंगाला चिकटणारे कपडे घालून चारचौघांत भिजायचं, हे गोकुळला तर सोडाच, गावालाही पचलं नसतं. परतीच्या एसटीत बसण्याआधी पुष्पाबाई काजलचे केस स्वतः पुसायच्या, उन्हात वाळवायच्या, तेल लावून वेणी घालायच्या. सासूची ही माया पाहून मॅडमचे डोळे भरून यायचे.

मॅडमनी एकदा बोलता बोलता सांगितलं, "पन्नीच्या तळ्यातून पोहणारा माणूसही बाहेर येत नाही, आजी. सगळं बुळबुळीत, धरायला काही नसतं. पाठीवर पडून राहायचं. दोर असेल तर त्याच्याकडे सरकायचं."

त्याच संध्याकाळी पुष्पाबाईंनी तळ्यापलीकडच्या कडुलिंबाला जाडजूड दोर बांधला, त्याला गाठी मारल्या आणि दुसरं टोक तळ्यात सोडलं.

गोकुळ पोट धरून हसला. "आठ महिन्याची पोट्टी दोर धरून वर येईन का वो माय?"

"शिकन हळूहळू."

गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. म्हातारीला वेड लागलंय, इथपर्यंत गेलं. गोकुळनं तो दोर वासराला म्हणून सोडून नेला. पुष्पाबाईंनी दुसरा बांधला. त्यानं तोही नेला. त्यांनी तिसरा बांधला.

दसऱ्याच्या आधी वर्ग संपला. "छकुली काही शिकली नाही हं, आजी," मॅडम म्हणाल्या. "मी आधीच बोलले होते. आता पैसे परत मागू नका."

पुष्पाबाईंनी मागितले नाहीत. उलट मॅडमच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला.

दसरा झाल्यावरच्या एका दुपारी गोकुळ हसत हसत घरात आला. त्यानं छकुलीच्या गालाला हात लावला.

"काजल, चाल तळ्यावर. मोटरचा पाइप धराले कोणी नाही. पोट्टीले मायजवळ राहू दे."

इतकं गोड तो बाळंतपणानंतर पहिल्यांदाच बोलला होता. काजल लाजली. ती चप्पल शोधेपर्यंत तो पुढे निघालाही.

"छकुलीलेबी नेऊ का, आई? तिले पाणी आवडते."

"नाही." पुष्पाबाईंनी नात कडेवर घेतली. ओट्यावरूनच त्यांनी लांबच्या कडुलिंबाकडे पाहिलं. दोर जागेवर होता. मग त्यांनी काजलचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"पोट्टीचं जाऊ दे. तू शिकली नं?"